कव्हरं माझी होती

शेगावला स्टेशनकडून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या थोरल्या भावाचं हॉटेल आहे. गेल्या वर्षी त्याने ते नव्याने सजवलं, आणि आतल्या एका भिंतीवर काचेच्या चौकटींत जुन्या कॉमिक्सची नऊ कव्हरं लावली. खाली पितळी पट्टी ठोकली, तिच्यावर कोरलेलं, ‘मालकांच्या बालपणीचा ठेवा’.

ती कव्हरं माझी होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण वर्षभरात ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे आधी हसले. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ही मारामारीची कव्हरं कशी? जणू भाऊ खोटं बोलूच शकत नाही आणि मी खरं बोलत असेन तर त्याचा पुरावा मीच द्यायचा. तर देते.

आमचा मळा देऊळघाटला. मेथी, पालक, वांगी, टमाटे. वडील माल घेऊन बुलडाण्याला जायचे आणि येताना रिकाम्या टोपल्यांमधून रद्दी आणायचे. माय त्या रद्दीच्या पिशव्या करायची, किराणा दुकानात लागतात तशा. ओसरीत ती खळ शिजवून बसायची आणि मी रद्दी निवडायची. वर्तमानपत्रं एकीकडे, वह्या एकीकडे, मासिकं एकीकडे. मासिकांच्या आणि कॉमिक्सच्या पाठीला दोन पिना असत, त्या खिळ्याने उचकटून काढायच्या हे माझं काम. मी तिसरी-चौथीत असेन. नखांच्या कडा कायम सोललेल्या असायच्या.

कॉमिक्सची आतली पानं खरबरीत, पिवळट. ती पिशव्यांना चांगली. एका गोष्टीची सोळा पानं सोळा पिशव्यांत जायची आणि त्या पिशव्या डाळ-तिखट घेऊन गावभर. पण कव्हर जाड आणि चकचकीत, खळ धरायचं नाही. माय ते चुलीत टाकायची. त्याचा धूर डोळ्यांना झोंबायचा आणि घाण वास यायचा, म्हणून एक दिवस तिने ते टाकायचं बंद केलं. मी विचारलं, मी घेऊ का? ती म्हणाली घे, आणि पुढची पिशवी दुमडायला लागली.

अशी माझ्याकडे कव्हरं जमली. गोष्टी गावभर गेल्या, कव्हरं माझ्याकडे राहिली.

आजकाल फोनवर लोक त्या कव्हरांचे फोटो टाकतात आणि खाली ‘सोनेरी दिवस’ असं काहीतरी लिहितात. मला नेहमी वाटतं की यांनी ती कधी नीट पाहिलेलीच नाहीत. मी पाहिली आहेत. एका कव्हरावर तुटलेला पूल होता आणि तांबड्या पोशाखाचा वीर आगगाडीचा डबा पाठीवर पेलून उभा होता. आकाश हळदीच्या रंगाचं. त्याच्या मानेची शीर एवढी फुगलेली की मी तिच्यावर बोट ठेवून पाहायची. डब्याच्या खिडक्यांमधून डोळे दिसायचे, नुसते डोळे, तोंडं नाहीत. खाली माणसांची गर्दी, बोटं वर करून. दुसऱ्या एकावर दगडांचा ढीग आणि त्यातून वर आलेली एकच मूठ. पलीकडे खलनायकाची जांभळी सावली, तो स्वतः नाहीच. छपाई अशी की लाल रंग ओठांच्या बाहेर घसरलेला, निळा डगल्याच्या बाहेर. पण लांबून पाहिलं की सगळं जागच्या जागी बसायचं. हे ज्याने काढलं त्याला एका चौकोनात सगळी गोष्ट सांगायची होती, आणि तो सांगायचा.

तो कोण हे मात्र कुठे छापलेलं नसायचं. आत लेखकाचं नाव असायचं, प्रकाशकाचा पत्ता असायचा. कव्हर काढणाऱ्याची कोपऱ्यात एक बारीकशी सही, कधी दोनच अक्षरं. एकाने तर ढिगाऱ्यातल्या एका दगडावरच सही करून ठेवली होती, दगडाची भेग वाटावी अशी. ती सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मायला दाखवायला पळाले. तिने खळीचा हात वर धरून लांबूनच पाहिलं, पुलाचंही पाहिलं, आणि त्या चित्रांबद्दल आयुष्यातला एकमेव प्रश्न विचारला. “हा एकटाच उचलते. बाकीचे बोट दाखवत काऊन उभे आहेत?”

भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो सायकलने बुलडाण्याच्या शाळेत जायचा आणि स्टँडजवळच्या दुकानातून कॉमिक्स भाड्याने आणायचा. पिशव्या करायला तो कधी बसला नाही. ते बायकांचं काम होतं. मी त्याच्याकडे वाचायला मागितलं की तो म्हणायचा, पोरीले काय करायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायचं असल्यामुळे ते उशीखाली घालून झोपायचा. कव्हरांशी त्याला काही घेणं नव्हतं. कव्हर उलटलं की संपलं.

एका कव्हरावर वीर मेलेला होता. दगडी ओट्यावर त्याला ठेवलेलं, भोवती साथीदार माना खाली घालून उभे, आणि पाऊस ब्लेडने खरवडल्यासारखा तिरपा. ते कव्हर माझ्याकडे दोन वर्षं होतं. तो खरंच मेला का, कोणी मारला, हे मला कळायला हवं होतं. आतली पानं कधीच पिशव्या होऊन गेली होती. शेवटी मी भावाला दाखवलं. त्याने ती गोष्ट वाचलेली निघाली. “मरत नाही बे तो,” तो म्हणाला. “बाकीच्याईले सपन पडते. दोन पानात संपते ते.” आणि माझं तोंड पाहून खूप हसला.

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. आजही मला वाटतं, ती फसवणूकच होती. एवढा पाऊस, एवढ्या खाली घातलेल्या माना, आणि आत स्वप्न. मग मीच त्या कव्हराच्या मागच्या कोऱ्या बाजूला गोष्ट लिहिली. तीत तो मेला. साथीदार त्याला घेऊन त्याच्या गावी आले, आणि त्याच्या आईला कोणी सांगायचं यावरून त्यांचं भांडण झालं. डबा उचलणारे लोक, पण दार वाजवायला कोणी पुढे होईना.

तिथून मला सवय लागली. ज्या कव्हराची मागची बाजू कोरी, तिच्यावर गोष्ट. बॉलपेनने, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. एका कव्हरावर मुलगी उंच इमारतीवरून पडत होती. वरून वीराचा हात आलेला आणि दोघांच्या बोटांमध्ये बोटभर अंतर. अशी पडणारी मुलगी बऱ्याच कव्हरांवर होती, कपडे तेवढे बदलायचे. मला तिचा राग यायचा, मग तिला काढणाऱ्याचा. माझ्या गोष्टीत ती खाली ज्वारीच्या कडब्यावर पडली, उठली, आणि गोष्ट तिच्याबद्दल पुढे चालू राहिली. ते माझं पहिलं लिखाण. शाळेच्या वहीत मी असलं काही लिहिलं असतं तर मार बसला असता. कव्हराच्या मागे कोणी पाहणारं नव्हतं.

लग्न होऊन मी पिंपळगाव राजाला आले. आरोग्य केंद्रात नोकरी लागली, सगळं गाव मला सिस्टर म्हणतं. कव्हरं माहेरीच राहिली, मायच्या लोखंडी पेटीत, खताच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून. पन्नासेक असतील. माहेरी गेले की दुपारी एकदा पेटी उघडायची, वरची दोन-चार पाहायची, परत ठेवायची. घरी का आणली नाहीत, असं नवरा आता विचारतो. खरं सांगायचं तर मला ती तिथेच सुरक्षित वाटायची.

वडील गेल्यावर भावाने हक्कसोडपत्राचं काढलं. आमच्याकडे बहिणीने सही करायचीच असते. जी करत नाही तिच्या नावाने गावात बरीच वर्षं बोललं जातं. बुलडाण्याला जाऊन मी सही केली, अंगठाही दिला. भावाने साडी घेतली, जेवू घातलं. मला वाईट वाटलं नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं. भाऊ शेतीत राबला होता. मळा विकून पुढे त्याने हॉटेल टाकलं, तेही मी ऐकून घेतलं.

हॉटेल नवं झाल्यावर तो दोन-तीनदा म्हणाला, येऊन तर पाह्य. एका सुट्टीच्या दिवशी मी दर्शन करून दुपारी तिकडे गेले. गर्दी होती. भाऊ गल्ल्यावर होता, त्याने हात केला आणि आत बसायला सांगितलं. मी आत गेले आणि समोरच्या भिंतीवर तो आगगाडीचा डबा दिसला.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे लपवत नाही. वाटलं, तीच कॉमिक्स यालाही कुठेतरी मिळाली. मग जवळ गेले. डब्याच्या वर डाव्या बाजूला भोक होतं, खिळा घसरून पडलेलं. तो खिळा माझा होता. मी बाकीच्या आठही चौकटी पाहिल्या. सगळ्या एका मापाच्या. कव्हरं मात्र एका मापाची नव्हती, म्हणून ती कापली होती. दगडावरची सही गेली होती. त्या पडणाऱ्या मुलीचे पाय घोट्यापासून गेले होते. मग मी खालची पट्टी वाचली.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. त्यातले गृहस्थ माझ्याच वयाचे असतील. ते उठून भिंतीचे फोटो काढायला लागले, आणि मी वाटेत उभी असल्यामुळे जरा सरकता का म्हणाले. मी सरकले नाही. तेव्हा ते समजुतीने म्हणाले, “मॅडम, तुम्हाला नाही कळायचं. हे आम्हा पोरांचं जग होतं.”

मी त्यांना सांगितलं की ज्याचा तुम्ही फोटो काढताय त्या पुलाच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात एक म्हातारी होती. तिच्या हातात पोपटाचा पिंजरा होता आणि सगळे वर पाहत असताना ती एकटी पिंजऱ्याकडे पाहत होती. इथे ती कापली आहे. ते चौकटीकडे पाहत राहिले. त्यांच्या बायकोने मला बसायला खुर्ची ओढली. मी बसले नाही.

मी ती चौकट खिळ्यावरून काढली आणि टेबलावर पालथी ठेवली. मागे पुठ्ठा होता, कडेने चिकटपट्टी. टेबलावरच्या चमच्याने मी पट्टी उचकटली. पुठ्ठ्याला कव्हर पूर्ण चिकटवलेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, गोंद भरपूर लावून. माझं लिहिलेलं त्या गोंदात होतं. मी आठवीत असताना त्या कव्हराच्या मागे म्हातारीची गोष्ट लिहिली होती.

तोवर भाऊ आला होता. “काय करून राह्यली तू?” तो हळू आवाजात म्हणाला. “लोकं पाहून राह्यले. आत चाल.”

“पाहू दे,” मी म्हणाले. “हे कुठून आणले?”

“घरून. पेटीत होते. मायनं देल्ले.”

“मागे लिहिलेलं होतं. वाचलं का?”

त्याने वाचलं नव्हतं. मागे काहीतरी खरडलेलं आहे एवढं सजावटवाल्याने त्याला सांगितलं होतं, आणि याने सांगितलं होतं की मागचं कोण पाहते, चिकटव. हे त्याने मला स्वतःहून सांगितलं, काही लपवलं नाही. त्यात लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. पेटीत पडून पडून कसर लागली असती, मी तर जपून काचेत ठेवले, असं तो म्हणाला. तुला आता या वयात त्यांचं काय करायचं होतं, असंही म्हणाला.

मी म्हणाले, “दादा, वावर मागतलं तवा मी सही केली. एक शब्द बोलली नाही. हे मी तुले देल्लं नव्हतं.”

“चार कागदांसाठी तू वावर काढून राह्यली?”

“वावर बापाचं होतं. कागद माहे होते.”

गल्ल्यावर माणसं खोळंबली होती, त्याने तिकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे पाहिलं. मग एकदम लहान आवाजात म्हणाला, “मी बी वाचतच होतो न ते. मले बी आठवते.”

ते खोटं नाही. त्याने ती कॉमिक्स उशीखाली घेऊन झोपताना मीच पाहिलेलं आहे. पण आठवणं वेगळं आणि दुसऱ्याने तीस-चाळीस वर्षं जपलेली वस्तू कापून तिच्याखाली आपली पट्टी ठोकणं वेगळं. मी त्याला म्हणाले, ही सगळी काढ. तो म्हणाला, तुझं नाव टाकतो पट्टीवर, नवीन करून घेतो. मी म्हणाले, नाव नको, काढ. मग मी न जेवता निघाले. जेवण त्याने डब्यात बांधून मागे पाठवलं, ते मी बसमध्ये शेजारच्या बाईला दिलं.

दुसऱ्या दिवशी मी देऊळघाटला मायकडे गेले. मळा विकला तरी ती गावातल्या दोन खोल्या सोडायला तयार नाही. तिला आता कमी दिसतं, पण माझा आवाज ऐकूनच तिने ओळखलं की मी कशासाठी आले. भावाने फोन केलेला असणार.

मी विचारलं, ती कव्हरं कोणाची होती, तुला माहीत नव्हतं का? ती म्हणाली, माहीत होतं, तुझीच. मग का दिलीस? त्याने मागितली. हे ती अगदी सरळपणे म्हणाली. मी म्हणाले, “मले एक फोन तर करायचा.”

“तू देली असती का?”

“नाही.”

“मंग,” माय म्हणाली.

भावाचा राग करणं सोपं आहे. मायच्या त्या एका शब्दाचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. तिला न्याय-अन्याय कळत नाही असं नाही. तिला सगळं कळतं. मी नाही म्हणेन हे ओळखूनच तिने मला विचारलं नाही. मुलाला नाही म्हणायचं तिच्या ध्यानीमनीच नव्हतं, आणि माझा नकार निस्तरण्यापेक्षा मला न विचारणं तिला बरं वाटलं. माझ्या सहीचंही तिने तेव्हा असंच ठरवून टाकलं होतं का, हा प्रश्न ओठांवर आला होता. विचारला नाही. तिच्यासाठी भात लावला, तिच्या गोळ्या डबीत भरल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

पंधरा दिवसांनी भावाचा ड्रायव्हर खोकं घेऊन घरी आला. आत नऊ चौकटी होत्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. बाकीची चाळीसेक कव्हरं नव्हती. मी सजावटवाल्याचा नंबर मागून घेतला आणि फोन केला. चौकटीत बसत नव्हती ती भंगाराबरोबर गेली, असं तो म्हणाला, आणि मॅडम, आजकाल हवी तेवढी अशी चित्रं संगणकावर काढून मिळतात, पाठवू का, असं विचारायला लागला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आरोग्य केंद्रात तीस वर्षं काढलेल्या बाईला बरेच शब्द येतात.

नवऱ्याच्या सांगण्यावरून एका चौकटीतलं कव्हर मी कोमट पाण्यात भिजवून पाहिलं. तो मेलेला वीर होता. पुठ्ठा सुटला, पण कागदाचा मागचा पापुद्रा त्याच्याबरोबर गेला आणि शाई पाण्यात उतरली. त्याच्या आईच्या दारापर्यंतही मला वाचता आलं नाही. पुढच्या बाजूचा पाऊस मात्र तसाच होता, एवढं भिजूनही. उरलेल्या आठांना मी हात लावलेला नाही. त्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत.

लोक मला समजावतात. भावजय म्हणाली, एवढं काय मनावर घ्यायचं. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान ती कोणीतरी पाहिली तरी. मला हे समजावणं नको आहे. कोणीतरी पाहायला हवीत एवढंच असतं तर मी पेटी बंद कशाला ठेवली असती? आणि पाहायचीच होती तर अख्खी पाहायची, म्हातारीसकट, सहीसकट. ज्या माणसाने दगडाच्या भेगेत आपलं नाव लपवलं त्याला तेवढीच जागा मिळाली होती. ती चौकटीच्या मापासाठी कापणाऱ्यांनी जुन्या दिवसांच्या आठवणीने गळा काढू नये.

राखीला मी गेले नाही. भाऊबीजेला तो स्वतः पिंपळगावला आला, बायकोला न घेता. मी ओवाळलं. जेवताना त्याने मायच्या डोळ्यांचं विचारलं, मी मोतीबिंदूच्या शिबिराची तारीख सांगितली, आणि त्याने तिला मीच आणतो म्हणून सांगितलं. कव्हरांचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना त्याने दारात चपला घातल्या आणि वर न पाहता विचारलं, “अजून राग हाय का?”

“आहे,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.